उसवता येईल असं शिवलेलं

अठराव्या शतकातल्या इंग्रजी झग्याची कारागिरी पाहायची तर तो आतून पाहावा. लंडनच्या एका संग्रहालयात १७६०च्या दशकातला एक ‘सॅक’ मला असा उलटवून, टेबलावर पसरलेला पाहायला मिळाला. पाठीवर गळ्यापासून जमिनीपर्यंत मोकळ्या सुटलेल्या रुंद चुण्या ही या झग्याची ओळख.

घेराच्या उभ्या शिवणी साध्या धावदोऱ्याच्या आहेत. टाके इतके लांब की कात्रीचं टोक लावलं तर सरसर उसवतील. मुंढ्याजवळ मात्र तोच हात बारीक आणि घट्ट चालतो, कारण ताण तिथे येतो. म्हणजे लांब टाके हा आळस नव्हे, तो हिशेब आहे. फुलांचं रेशीम शिलाईच्या कितीतरी पट महाग आणि त्याचा पन्हा जेमतेम ५० सेंटिमीटर. तेव्हा कात्री शक्यतो चालवायचीच नाही. तागाचं अस्तर आधी अंगावर बेतायचं, मग त्यावर रेशमाचे अख्खे पन्हे टाचण्यांनी लावत चुण्या घालायच्या. जिथे कापलं, तिथली चिंधीही वाया जात नसे. या झग्यात खांद्यावर चार बोटांचा एक जोड आहे आणि त्यावरच्या फुलाचा देठ शेजारच्या देठाला जुळत नाही. चुण्यांखाली अस्तराची पाठ मधोमध उघडी आहे, नाडीने आवळायची. शरीर भरलं तर नाडी सैल करायची, की झालं.

हे काम बायकांचं होतं. पॅरिसमध्ये तर १६७५ साली शिवणाऱ्या स्त्रियांना स्वतःचा संघ मिळाला. रेशमाची नक्षी काढणाऱ्या, लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या ॲना मारिया गार्थवेटची चित्रं आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तिच्या नावानिशी आहेत. हा झगा शिवणारीचं नाव कुठेच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

काखेखालच्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या छिद्रांची आणखी एक रांग दिसते. आतली माया सोडून कुणीतरी झगा सैल केलाय, आणि उघडी पडलेली पट्टी बाकीच्या रेशमाहून गडद आहे. पुढे १७७०-८०च्या दशकांत अंगाला बसणाऱ्या पाठीची फॅशन आली, तेव्हा कितीतरी सॅक असेच उसवले गेले. त्याच चुण्या कंबरेपर्यंत शिवून टाकल्या, की जुन्या रेशमाचा नव्या तऱ्हेचा झगा तयार होई.