तापीकाठचा शिंपला : त्याचे जीवन, त्याची शेती व परक्या जातींचा धोका

जळगाव व धुळे या जिल्ह्यांतून वाहणारी तापी आणि तिला मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा इत्यादी नद्या यांच्या डोहांत, तसेच बंधाऱ्यांमागे साठलेल्या पाण्याच्या गाळात गोड्या पाण्यातील शिंपला राहतो. उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे त्याची रिकामी पुटे काठावर पडलेली दिसतात. मुलांनी ती वेचावीत, याहून अधिक लक्ष त्याच्याकडे सहसा कोणी देत नाही. परंतु मोत्यांच्या शेतीचे तंत्र उपलब्ध झाल्यापासून या प्राण्याला मोल आले आहे. शेततळे असलेला शेतकरी साहजिकच विचारतो की, आपल्या तळ्यात मोती पिकतील काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शिंपला कसा जगतो, कसा वाढतो व त्याची पिल्ले कोठून येतात, हे समजून घेणे अवश्य आहे. ते न समजता केलेली शेती शेतकऱ्याला तोट्यात घालील आणि नदीचेही नुकसान करील.

शिंपल्याची शरीररचना

शिंपला हा द्विपुट वर्गातील मृदुकाय प्राणी होय. त्याच्या मऊ शरीराचे रक्षण दोन कठीण पुटे करतात. ही पुटे पाठीच्या बाजूस लवचिक बंधनीने जोडलेली असतात व दोन बळकट स्नायूंनी घट्ट मिटली जातात. पुटांच्या आतील अंगास प्रावार नावाचा पातळ पडदा असतो. हा पडदाच पाण्यातील चुना घेऊन पुटे घडवितो आणि त्यांच्या आतील बाजूस चकाकणाऱ्या द्रव्याचा थर देतो. कोकणातील खाड्यांत खडकांना चिकटून राहणारे कालव याच वर्गातील आहे. मात्र कालव एकदा जेथे चिकटले तेथेच आयुष्य काढते, तर गोड्या पाण्यातील शिंपला कुदळीसारख्या मांसल पायाने गाळात रुततो व हळूहळू सरकतो. आपल्याकडे लॅमेलिडेन्स व पॅरेसिया या प्रजातींतील शिंपले आढळतात. मोत्यांसाठी मुख्यतः लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही जात वापरतात.

नदीची गाळणी

शिंपला अन्नाच्या शोधात हिंडत नाही. तो एका छिद्राने पाणी आत घेतो, कल्ल्यांवरून फिरवितो व दुसऱ्या छिद्राने बाहेर सोडतो. या फेऱ्यात कल्ले पाण्यातील प्राणवायू शोषून घेतात, आणि त्याच वेळी सूक्ष्म शेवाळ, जंतू व सेंद्रिय कण गाळून तोंडाकडे नेतात. नको असलेले कण चिकट द्रव्यात गुंडाळले जाऊन तळाशी टाकले जातात. एक मोठा शिंपला दिवसाकाठी अनेक लिटर पाणी अशा रीतीने गाळतो. हजारो शिंपले असलेला डोह म्हणजे अहोरात्र चालणारी, इंधनाचा खर्च नसलेली गाळणीच होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग गावात करून दाखवावा. काचेच्या दोन सारख्या बरण्यांत तळ्याचे हिरवट पाणी भरावे. एका बरणीत जिवंत शिंपला ठेवावा, दुसरी तशीच राहू द्यावी. काही तासांत दोन्ही बरण्यांतील फरक डोळ्यांना दिसतो. प्रयोग संपताच शिंपला जेथून आणला तेथे परत सोडावा.

मात्र गाळणीतून गेलेले विष नाहीसे होत नाही. ते शिंपल्याच्या शरीरात साठते. तांबे व अमोनिया या द्रव्यांचा शिंपल्यावर, विशेषतः त्याच्या लहान पिल्लांवर, फार लवकर दुष्परिणाम होतो. केळी, कापूस व भाजीपाल्याच्या पट्ट्यात ताम्रयुक्त औषधे फवारलेले पंप नाल्यात धुणे, किंवा युरियाचे पाणी ओढ्यात वाहून जाऊ देणे, हे यास्तव टाळावे. जेथे पूर्वी शिंपले मुबलक होते व आता केवळ रिकामी पुटे मिळतात, तेथील पाण्यात काही बिघाड झाला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

माशाच्या आधाराने होणारा प्रवास

शिंपल्याच्या जीवनातील सर्वांत नवलाची व व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचे बालपण होय. समुद्रातील कालवाची अंडी व पिल्ले पाण्यावर तरंगत वाढतात. नदीत तसे झाले असते तर सर्व पिल्ले प्रवाहाबरोबर वाहून गेली असती. म्हणून येथे निराळी व्यवस्था आहे. नर पाण्यात शुक्राणू सोडतो. ते श्वसनाच्या पाण्याबरोबर मादीच्या शरीरात जातात, आणि फलित अंडी मादीच्या कल्ल्यांतील पिशवीत वाढतात. त्यांतून ग्लॉकिडियम नावाची अतिसूक्ष्म अळी निघते. बाहेर पडल्यावर तिला एखादा योग्य मासा मिळाला तरच ती जगते. माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना ती चिकटते, त्याच्या त्वचेच्या आवरणात काही दिवस ते काही आठवडे राहते, आणि रूपांतर झाल्यावर सुटून तळाच्या गाळात पडते. तेथून शिंपल्याचे स्वतंत्र जीवन सुरू होते. प्रवाहाच्या उलट दिशेने शिंपला पसरतो तो या माशाच्या आधारानेच.

यावरून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, सर्वच मासे या अळीला आश्रय देत नाहीत. काही जातींच्या माशांचे शरीर तिला झटकून टाकते. म्हणून नदीतील मूळचे मासे नाहीसे झाले तर शिंपल्याची पुढची पिढीही थांबते. म्हातारे शिंपले काही वर्षे दिसत राहतात, आणि सर्व काही ठीक आहे असा भास होतो. दुसरी, ज्या धरणाने वा बंधाऱ्याने माशांची ये-जा अडते, तेथे शिंपल्याचा प्रसारही अडतो. तिसरी, जो माशांची ने-आण करतो, तो नकळत शिंपल्यांचीही ने-आण करीत असतो.

परक्या जाती कशा शिरतात

ही तिसरी गोष्ट किती महाग पडू शकते याचे उदाहरण युरोपात घडले. १९६० च्या दशकात हंगेरी व रुमानिया येथील मत्स्यतळ्यांसाठी पूर्व आशियातून गवत्या व चंदेरी माशांचे बीज आणण्यात आले. त्या बीजाच्या अंगावर चिकटून चिनी तळ्यातील मोठ्या शिंपल्याच्या अळ्या आल्या. पुढे तो शिंपला युरोपातील अनेक देशांच्या नद्यांत व तळ्यांत पसरला आणि तेथील मूळच्या शिंपल्यांशी जागा, अन्न व आश्रय देणारे मासे यांबाबत स्पर्धा करू लागला. तो मुद्दाम कोणी आणला नव्हता, आणि एकदा पसरल्यावर त्याला परत घालविताही आले नाही.

समुद्रातील कालवाची गोष्ट याहून बोलकी आहे. नेदरलंड्समध्ये १९६४ साली शेतीसाठी जपानकडील प्रशांत महासागरी कालव आणले गेले. तेथील पाणी थंड असल्याने ते प्रजनन करणार नाही, अशी समजूत होती. परंतु १९७० च्या दशकातील उष्ण उन्हाळ्यांत त्याने प्रजनन केले व ते शेताबाहेर पसरले. जेथे पूर्वी स्थानिक शिंपल्यांच्या मऊ वसाहती होत्या, तेथे कालवांचे टणक, धारदार थर झाले. या थरांत इतर लहान प्राण्यांना आसरा मिळाला, हेही खरे आहे. तथापि मूळच्या वसाहतींचे रूप पार बदलले, आणि त्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना आपले अन्न मिळविणे अवघड झाले. आयात केलेल्या कालवांबरोबर परके शेवाळ व परोपजीवी प्राणीही युरोपच्या किनाऱ्यावर आले.

आपल्याकडील अनुभवही याहून वेगळा नाही. चिलापी या नावाने ओळखला जाणारा आफ्रिकेचा तिलापिया १९५२ साली भारतात आणण्यात आला. तो तळ्यांतून बाहेर पडला आणि आज महाराष्ट्रातील अनेक जलाशयांत त्याने मूळच्या माशांची जागा घेतली आहे. आफ्रिकी मागूर हा हावरा मासाही असाच उपद्रवी असून त्याच्या संवर्धनास बंदी आहे. परका मासा वाढला की स्थानिक मासे घटतात, आणि स्थानिक मासे घटले की शिंपल्याला वाहन उरत नाही, ही साखळी शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

मोत्यांची शेती

जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली समुद्री कालवात अर्धगोल मोती तयार करून दाखविला. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तुतिकोरीन येथे समुद्री मोती मिळविला. गोड्या पाण्यातील मोत्यांचे तंत्र भुवनेश्वरजवळील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केले असून तेथे प्रशिक्षणही दिले जाते.

शिंपल्याच्या शरीरात टोचणारी वस्तू शिरली म्हणजे प्रावार तिच्याभोवती चकाकणाऱ्या द्रव्याचे थर चढवितो. हाच मोती होय. शेतीत हे काम शस्त्रक्रियेने घडवून आणतात. सुमारे ८ सेंटिमीटर वा अधिक लांबीचे निरोगी शिंपले घेऊन दोन-तीन दिवस दाटीने ठेवतात, म्हणजे त्यांचे स्नायू सैल पडतात. नंतर प्रावाराच्या पोकळीत, प्रावाराच्या पेशीजालात किंवा जननग्रंथीत मणी अथवा प्रावाराचा तुकडा बसवितात. सुमारे दहा दिवस निगराणीखाली ठेवून मेलेले शिंपले काढून टाकतात. उरलेले नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत, प्रत्येकी दोन याप्रमाणे, बांबूला बांधून तळ्यात सुमारे एक मीटर खोलीवर टांगतात. मोती तयार होण्यास बारा ते अठरा महिने लागतात. सर्वच शिंपले जगत नाहीत, जगलेल्या सर्वांत मोती होत नाही, आणि झालेला प्रत्येक मोती विकण्याजोगा नसतो. म्हणून भरमसाट उत्पन्नाच्या जाहिरातींवर विसंबून भांडवल गुंतवू नये.

खानदेशातील शेततळ्यांबाबत आणखी दोन अडचणी आहेत. प्लॅस्टिकचे कापड अंथरलेल्या व विहिरीच्या स्वच्छ पाण्याने भरलेल्या तळ्यात सूक्ष्म शेवाळ फार थोडे असते, त्यामुळे शिंपले उपाशी राहतात. शिवाय मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवेचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते, आणि याच सुमारास तळी आटू लागतात. उथळ, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होऊन शिंपले मरतात. बारमाही व पुरेशी खोल पाण्याची सोय नसेल तेथे हा उद्योग न करणेच हिताचे होय.

शिंपले आणावयाचे कोठून?

एक हेक्टर तळ्यात २०,००० ते ३०,००० शिंपले ठेवण्याची शिफारस आहे. म्हणजे वीस गुंठ्यांच्या तळ्याला चार ते सहा हजार शिंपले लागतात. हे सर्व पूर्ण वाढलेले, म्हणजेच प्रजननक्षम असे असतात. मोती काढताना त्यांतील बहुतेक मरतात. एकाच नाल्यातून एवढे शिंपले वेचले तर त्या नाल्याची गाळणी बंद पडते, आणि दुसऱ्या वर्षी शेतकऱ्यालाही तेथे काही मिळत नाही. दुसऱ्या खोऱ्यातून किंवा परप्रांतातून शिंपले मागविले तर परक्या जाती व रोग येण्याचा धोका पत्करावा लागतो. यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

१. प्रशिक्षणानंतर थोड्या शिंपल्यांवर प्रयोग करून पाहावा. यश आल्यावरच संख्या वाढवावी.

२. शिंपले आपल्याच खोऱ्यातून व निरनिराळ्या ठिकाणांहून थोडे थोडे घ्यावेत. कोणताही डोह रिकामा करू नये. जलाशयात मासेमारीचा हक्क असलेल्या संस्थेची संमती घ्यावी.

३. लहान शिंपले, तसेच फुगीर कल्ल्यांच्या अंडीधारक माद्या, पाण्यात परत सोडाव्यात.

४. तळ्यात स्थानिक मासे ठेवावेत, म्हणजे शिंपल्यांची पिल्ले तेथेच तयार होण्याचा संभव राहतो. मत्स्यबीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे.

५. विकत आणलेले मासे, शिंपले किंवा तळ्याचे सांडपाणी ओढ्यात वा नदीत सोडू नये.

गाळ काढताना घ्यावयाची काळजी

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ पासून राबविण्यात आली. गाळ काढल्याने तलावाची साठवण वाढते व शेताचा कस सुधारतो, याबद्दल शंका नाही. परंतु पाणी ओसरू लागले म्हणजे शिंपले ओलसर गाळात खोल शिरून पावसाळ्याची वाट पाहतात. यंत्राने तो गाळ उचलून शेतात पसरला की त्यांचा शेवट होतो. काम सुरू होण्यापूर्वी गावातील मुलांना व मासेमारी करणाऱ्यांना घेऊन ओल्या भागातील जिवंत शिंपले वेचावेत, आणि त्याच तलावाच्या खोल डबक्यात सोडावेत. तलावाचा एखादा भाग न खणता राखून ठेवता आला तर अधिक चांगले. या कामास अर्धा दिवस पुरतो व खर्च काहीच येत नाही.

मोती हे शिंपल्यापासून मिळणारे एक उत्पन्न आहे, आणि ते थोड्यांनाच मिळेल. स्वच्छ पाणी हे दुसरे उत्पन्न. ते काठावरील प्रत्येक गावाला, माणसांना व गुरांना मिळत असते. पहिल्याच्या मोहात दुसरे गमावले जाऊ नये, याची दक्षता शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मिळून घ्यावयाची आहे.