अनुदानाचा अर्ज : जाहिरातीपूर्वीचे काम
(‘विद्यापीठ आणि संशोधन’ : लेखांक सहावा)

मागील लेखांकात संशोधनाला अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांची फेरिस्त आपण पाहिली. ज्याचे महाविद्यालय पांढरकवड्याला, वणीला अथवा पुसदला आहे, ज्याच्या प्रयोगशाळेतील उपकरणे पदवीच्या वर्गापुरतीच आहेत, आणि ज्याला आठवड्याचे तास घेऊन उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करावा लागतो, अशा अध्यापकाच्या मनात ती फेरिस्त वाचून, हा सारा मामला मुंबई-पुण्याच्या आणि फार तर नागपूरच्या मंडळींसाठी आहे, असा विचार आला असल्यास त्यात नवल नाही. हा विचार सर्वस्वी खोटा आहे असे म्हणवत नाही. परंतु त्यात जे तथ्य आहे त्याचे कारण बहुधा भलत्याच ठिकाणी शोधले जाते. अर्ज नामंजूर झाला म्हणजे कोणी आपल्या इंग्रजीला दोष देतो, कोणी ओळखीपाळखीच्या अभावाला. वस्तुतः जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून मुदत संपेपर्यंत जे थोडे आठवडे हाती असतात, त्या आठवड्यांत जी कामे होऊच शकत नाहीत, त्यांवरच अनुदानाचा निकाल पुष्कळदा अवलंबून असतो. ती कामे कोणती, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यातील संशोधकाने ती केव्हा व कशी उरकावीत, याचा विचार आज करावयाचा आहे.

विद्येला आश्रय देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेचा पैसा इंग्रजी अमदानीत काही अंशी मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे आणि विद्यावेतनांकडे वळला, आणि न्यायमूर्ती रानडे हे तरुणपणी असेच दक्षिणा फेलो होते. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता. म्हणजे पैसा आणि अट ही जोडी त्याही काळी एकत्रच नांदत होती. खुद्द यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या आश्रयाने महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांचा शोध चालविला आणि 1925 साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ सिद्ध केला. संशोधनास लागणारे साहित्य ज्या गावच्या आसपास आहे त्या गावी राहणे हा संशोधकाचा तोटा नसून त्याचे भांडवल आहे, याची साक्ष या ग्रंथाइतकी दुसरी कोणती द्यावी?

आजचा आश्रयदाता मात्र कोणी महाराज नसून कायद्याने बांधलेले एक खाते आहे, आणि खाते पहिल्याप्रथम अर्जदाराचे पांडित्य पाहत नाही, त्याच्या संस्थेची पात्रता पाहते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या अधिनियमात 2(फ) आणि 12(ब) अशी दोन कलमे आहेत. पहिल्याने महाविद्यालयाला आयोगाची मान्यता मिळते. दुसऱ्याने ते केंद्रीय अनुदानास पात्र ठरते. पहिल्या कलमाचा दाखला भिंतीवर चौकटीत लावून दुसऱ्याचा पत्ता नसलेली महाविद्यालये थोडी नाहीत, आणि तेथील अध्यापकाला ही गोष्ट कळते ती बहुधा अर्ज भरताना, म्हणजे उपाय करण्याची वेळ टळून गेल्यावर. बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंत आयोगाच्या लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांचा तालुक्याच्या महाविद्यालयांना मोठा आधार होता, आणि लघु प्रकल्पाचे कागद पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयातूनच निकालात निघत. ती वाट आता राहिली नाही. विज्ञान विषयांचा मुख्य ओघ आता अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून येतो. 2023 च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानात पूर्वीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ विलीन झाले आहे. सामाजिक शास्त्रांसाठी 1969 पासून भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे, आरोग्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आहे, आणि राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्यांचा मार्ग मोकळा आहे; तथापि तो स्वतंत्र लेखांकाचा विषय असल्याने येथे त्याचा केवळ निर्देश करतो.

या दारांपैकी आपले दार कोणते, हे संस्थेच्या नावलौकिकावरून न ठरविता प्रश्नाच्या स्वरूपावरून ठरवावे. एकाच विषयाची निरनिराळी अंगे निरनिराळ्या दारांशी जातात. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. या दुर्घटनेतील औषधांचे रासायनिक पृथक्करण हा एक प्रश्न झाला, फवारणाऱ्याच्या शरीरावरील परिणाम हा दुसरा, आणि मजुराला तोंडावर फडके बांधून फवारणी का करावी लागते हा तिसरा. पहिला विज्ञानाच्या प्रतिष्ठानाकडे जाईल, दुसरा आयुर्विज्ञान परिषदेकडे आणि तिसरा सामाजिक विज्ञान परिषदेकडे. तिन्ही प्रश्न एकाच अर्जात कोंबले तर परीक्षकांपैकी प्रत्येकाला त्यातील दोनतृतीयांश भाग आपल्या अखत्यारीबाहेरचा वाटतो, आणि अर्ज सर्वांकडून परत येतो.

आता एक उदाहरण जवळून पाहू. केळापूर तालुक्यातील एखाद्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकाला, समजा, पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडवर काम करावयाचे आहे. विषय महत्त्वाचा आहे यात शंका नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, दुसरा उद्भव नसल्यास 1.5 मिलिग्रॅमपर्यंत सोसून घेतात, आणि त्यापलीकडे दात व हाडे यांना अपाय होऊ लागतो. मात्र ‘यवतमाळ जिल्ह्यातील भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास’ असा मथळा त्याने दिला, तर परीक्षक लगेच विचारील की, पांढरकवडा परिसरातील भूजलातील फ्लोराइडविषयीचा लेख 2007 सालीच ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला असताना आपण नवे काय करणार? या पृच्छेचे उत्तर अर्जदाराने आधीच शोधून ठेवलेले असले पाहिजे. आपल्या भागात बेसाल्टचे थर आणि त्यांखालील पैनगंगा समूहाचे चुनखडक यांची सरमिसळ आहे. तेव्हा ‘केळापूर तालुक्यात बेसाल्ट व चुनखडक यांच्या संधिप्रदेशातील विंधनविहिरींत फ्लोराइडचे प्रमाण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर कसे बदलते’ असा प्रश्न मांडला, म्हणजे जागा, काल, मोजावयाची वस्तू आणि तुलनेचा आधार या चारही गोष्टी एका वाक्यात येतात. असे वाक्य मुदतीच्या आठवड्यात सुचत नाही. त्यासाठी आधीच्या उन्हाळ्यात दहाबारा विहिरींचे पाणी स्वखर्चाने तपासलेले असावे लागते, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातील नोंदी पाहिलेल्या असाव्या लागतात, आणि ज्या गावी हातपंपावर लाल रंग दिला आहे त्या गावच्या बायका पाणी कोठून आणतात याची विचारपूस केलेली असावी लागते. एवढ्या प्राथमिक तपासणीचा अर्ध्या पानाचा तक्ता अर्जात जोडला, तर दहा पानांच्या प्रास्ताविकाने जे साधत नाही ते साधते.

प्रश्न नेमका झाला की अंदाजपत्रक आपोआप नेमके होते. आणि परीक्षक पहिल्यांदा अंदाजपत्रकच उघडून पाहत असतील असे मानून चालावे. वरील उदाहरणात चाळीस उद्भव निवडले, वर्षातून दोन वेळा नमुने घेतले आणि काम तीन वर्षे चालविले, तर नमुने दोनशे चाळीस होतात; प्रत्येकाची दोनदा तपासणी केली तर तपासण्या चारशे ऐंशी. या आकड्यावरून रसायने किती, बाटल्या किती, फिरतीचे दिवस किती आणि प्रकल्प सहायक किती महिने लागेल, याचा हिशेब निघतो. बाटल्या पॉलिथिनच्या घ्याव्या लागतात, कारण फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होते. ही एवढीशी ओळ अंदाजपत्रकाच्या समर्थनात असली की, लिहिणाऱ्याने हे काम हाताने केलेले आहे, याची परीक्षकाला खात्री पटते. उलट, उपकरणांच्या सदरात संगणक, छपाईयंत्र आणि वातानुकूलन यांची भरती केलेली दिसली, की महाविद्यालयाची जुनी गरज संशोधनाच्या नावाखाली भागविण्याचा हा खटाटोप आहे, हे ओळखण्यास फार वेळ लागत नाही. फ्लोराइड मोजणारा विद्युदग्र मागावा, त्याची दरपत्रके अर्जापूर्वीच मिळवावीत, आणि ज्या महागड्या यंत्राची गरज वर्षातून दोनदाच पडणार आहे त्यासाठी अमरावतीच्या विद्यापीठातील अथवा नागपूरच्या एखाद्या संस्थेतील सोय वापरू देण्याचे संमतिपत्र जोडावे.

वेळापत्रकाबाबत एक व्यवहाराची गोष्ट सांगणे अवश्य आहे. मंजुरीपत्र कोणत्या महिन्यात हाती पडेल आणि पहिला हप्ता केव्हा जमा होईल, हे अर्जदाराच्या हाती नसते. पैसा जुलैत आला तर मे महिन्याचे पाणी त्या वर्षी गेलेच. म्हणून ‘पहिल्या वर्षी मे महिन्यात नमुने घेऊ’ असे न लिहिता, कामाची सुरुवात कोणत्याही हंगामात झाली तरी दोन्ही हंगामांची पुरेशी आवर्तने पदरात पडतील, अशी आखणी करावी. कपाशी, वन्यप्राणी, पाणी, रोजगारासाठीचे स्थलांतर अशा हंगामाशी जखडलेल्या प्रत्येक विषयाला हा नियम लागू आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील बहुतेक विषय याच जातीचे आहेत.

परवानग्यांचे प्रकरण याहून दीर्घसूत्री आहे. टिपेश्वर अभयारण्यात संशोधन करावयाचे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. मनुष्याच्या आरोग्याशी संबंध असलेल्या अभ्यासाला नैतिकता समितीची संमती लागते. तालुक्याच्या महाविद्यालयात अशी समिती सहसा नसते, म्हणून यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकाला सहसंशोधक म्हणून सोबत घेणे श्रेयस्कर. केवळ सही मिळविण्यापुरते हे सहकार्य नसावे. त्यांच्या वाट्याचे काम आणि त्यांच्या वाट्याचा खर्च अर्जात स्पष्ट दाखवावा. कोलाम समाजाविषयी लिहू इच्छिणाऱ्याने तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी ही एक. तिच्या भाषेचे मरे एमेनो यांनी केलेले वर्णन कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1955 साली प्रसिद्ध केले, आणि त्याला वर्धेकडील बोलीचा आधार होता. आपल्या जिल्ह्यातील पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, आज ती भाषा घरात किती बोलली जाते, मुले शाळेत गेल्यावर तिचे काय होते, हे प्रश्न खुले आहेत. तथापि पोडावरच्या लोकांशी आधी बोलून, त्यांच्या संमतीने आणि शक्य तर त्यांच्यातीलच शिकलेल्या तरुणाला सहायक नेमून केलेला अर्जच परीक्षकापुढे टिकेल, आणि टिकावा हेच न्याय्य आहे.

अनुदान मिळाल्यावर जे दप्तर सुरू होते त्याचा विचारही अर्ज करतानाच करावयास हवा. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे खर्चाचे विनियोग प्रमाणपत्र 12-अ या नमुन्यात द्यावे लागते, न खर्चलेली शिल्लक परत करावी लागते, आणि त्या रकमेवर बँकेने दिलेले व्याजसुद्धा शासनाचेच असते. उपकरण आले की त्याची जडसंग्रह नोंदवहीत नोंद, देयकावर तसा शेरा, फिरतीच्या प्रत्येक दिवसाची भत्तापावती, या गोष्टी ज्या दिवशीच्या त्या दिवशी झाल्या तर ठीक. एरवी मार्चअखेर संशोधक आणि लेखापाल एकमेकांकडे पाहत बसतात, आणि विनियोग प्रमाणपत्र अडकले म्हणजे पुढचा हप्ताही अडकतो. म्हणून अर्जाचा मसुदा प्राचार्यांच्या सहीला नेण्यापूर्वी लेखापालाला दाखवावा. खर्चाचे कोणते सदर त्याच्या वहीत बसते आणि कोणते बसत नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.

इतके करूनही पहिला अर्ज नामंजूर होणे हे अगदी सामान्य आहे. नकाराबरोबर परीक्षकांचे अभिप्राय आले असतील तर ते रागाने दप्तरदाखल न करता एकेका आक्षेपापुढे आपले उत्तर लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या अर्जाचा निम्मा मसुदा त्यातच तयार होतो.

प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना शेवटी एक विनंती आहे. आपल्या कार्यालयात एक स्वतंत्र फाइल आजच उघडावी. तीत 2(फ) आणि 12(ब) ची पत्रे, विद्यापीठाच्या संलग्नतेचा आदेश, मूल्यांकनाचे प्रमाणपत्र, मागील वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि संशोधनासाठी स्वतंत्र बँकखाते उघडण्याचा ठराव, एवढे कागद साक्षांकित करून ठेवावेत, आणि त्या फाइलची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी. अध्यापकाने प्रश्न शोधावा, संस्थेने कागद तयार ठेवावेत. आपल्या जिल्ह्यातून अर्ज थोडे जातात याचे मुख्य कारण प्रश्नांची टंचाई हे नसून, ही दुसरी अर्धी बाजू वेळेवर तयार नसते, हे आहे; आणि ते दूर करण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

(पुढील लेखांकात : पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्त्या)