पाइनची मुळे आणि चिनी मातीचे नाणे

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी कारखानदारीचा विषय निघाला की आपल्याकडे शिस्त, काटकसर आणि देशासाठी वाटेल ते सोसण्याची तयारी यांचे गोडवे सुरू होतात. त्यात खोटे काही नाही. पण युद्धानंतर अमेरिकेने केलेल्या सामरिक बॉम्बहल्ला पाहणीचे अहवाल आणि त्याभोवतीचे लेखन मी गेली काही वर्षे वाचतो आहे, आणि त्या काटकसरीतली एक गोष्ट मला सतत खटकते. एक टंचाई भागवताना जपानने बहुतेक वेळा दुसरी टंचाई ओढवून घेतली.

याचा सर्वांत सोपा पुरावा एक सेनच्या नाण्यात सापडतो. शंभर सेनचा एक येन, म्हणजे आपल्या पैशासारखेच हे किरकोळ नाणे. १९३८ मध्ये ते ब्राँझचे होते. तांबे युद्धसामग्रीसाठी राखायचे म्हणून त्याच वर्षी ते अॅल्युमिनियमचे झाले. मग विमानांना अॅल्युमिनियम पुरेना, तसे नाणे हलके होत गेले आणि १९४४ मध्ये कथिलाचे झाले, कारण कथील मलायासारख्या जिंकलेल्या मुलखातून येत होते. समुद्रमार्ग तुटल्यावर तेही आटले. अखेर १९४५ मध्ये सेतो, क्योतो आणि आरिता इथे चिनी मातीची नाणी भाजायला घेतली. ती चलनात येण्यापूर्वीच युद्ध संपले. नामांकित कुंभारकामाच्या गावांनी त्याच सुमारास मातीचे हातबॉम्बही केले.

कागदावर सारे चोख होते. १९३७ च्या ऑक्टोबरात नियोजन मंडळ स्थापन झाले, १९३८ मध्ये राष्ट्रीय संघटन कायदा आला, आणि कोणाला किती पोलाद, किती तांबे, किती तेल याचे आराखडे ठरू लागले. मात्र सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत होते आणि १९४१ च्या उन्हाळ्यात ते बंद झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सुमात्रातले पालेम्बांग हाती आल्यावर प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण विहिरीतले तेल कारखान्यात पोचवायला जहाज लागते. सुमारे ६० लाख टनांच्या व्यापारी ताफ्यापैकी युद्धाअखेर पाव हिश्श्याच्या आसपासच उरला, आणि तो बुडवण्यात अमेरिकी पाणबुड्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यामुळे टंचाई तेलाची किंवा बॉक्साइटची म्हणण्यापेक्षा जहाजांची होती, असे माझे मत आहे.

त्यात भर भाऊबंदकीची. लष्कर आणि नौदल आपापला वाटा वेगळा मागत. डायम्लर-बेंझचे एकच विमानइंजिन बनवण्याचे परवाने दोघांनी वेगवेगळे घेतले. लष्करासाठी ते कावासाकीने बनवले, नौदलासाठी आइचीने. हे मिटवायला नोव्हेंबर १९४३ मध्ये युद्धसामग्री मंत्रालय निघाले. पंतप्रधान तोजो स्वतःच त्याचे मंत्री झाले, तरी दोन घरे एक झाली नाहीत.

एवढे असूनही १९४१ मधली ५,०८८ विमानांची संख्या १९४४ मध्ये २८,१८० वर गेली. कौतुक करणारे हाच आकडा पुढे करतात. तो खरा आहे. तो कशाच्या बदल्यात आला, तेही पाहायला हवे.

एक बदला थेट आपल्या परिचयाचा. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कंपनीने मुंबई-कोबे जहाजसेवा सुरू केली, ती मुख्यतः आपल्या कापसासाठी. त्या कापसावर वाढलेल्या जपानी सूतगिरण्यांत युद्धापूर्वी एक कोटीहून अधिक चात्या होत्या. कापूस थांबला आणि यंत्रांचे लोखंड भंगार म्हणून हवेच होते. युद्धाअखेर चालू स्थितीतल्या चात्या पाव हिश्श्याच्याही आत आल्या. लोक लाकडाच्या लगद्यापासून काढलेल्या धाग्याचे, धुतले की विरणारे कापड नेसू लागले. देवळांतल्या घंटा उतरल्या. मेलेल्या मालकाची स्टेशनवर वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या हाचिको कुत्र्याचा तोक्योतला पुतळाही १९४४ मध्ये धातूसाठी काढून नेला. (आज तिथे आहे तो १९४८ चा, मूळ शिल्पकाराच्या मुलाने केलेला.)

सर्वांत विलक्षण प्रकरण पाइनच्या मुळांचे. दोनशे मुळे खणा म्हणजे विमान एक तास उडेल, असा प्रचार झाला. गावोगावी बायका, म्हातारे आणि शाळकरी मुले डोंगरात मुळे खणू लागली. मुळांचे तुकडे भट्टीवरच्या बंद भांड्यात तापवायचे आणि निघणारे तेल साठवायचे. अशी ३४,००० हून अधिक भांडी बसवली गेली. एकेकातून दिवसाला तीन-चार गॅलन निघे. एका गॅलनला सुमारे अडीच दिवसांची मजुरी लागे. उद्दिष्ट होते रोज १२,००० पिंपांचे. पिंपात ४२ गॅलन धरून मी गुणाकार करून पाहिला : रोज साडेबारा लाख माणसे! ज्या देशातले धडधाकट पुरुष सैन्यात आणि विद्यार्थी कारखान्यांत होते, तिथे हा हिशेब कोणीतरी मंजूर केला होता.

जून १९४५ पर्यंत महिन्याला ७०,००० पिंपे कच्चे तेल निघू लागले. म्हणजे लोक कामात कमी पडले नाहीत. अडले ते शुद्धीकरणापाशी. युद्ध संपेपर्यंत विमानाजोगे इंधन निघाले फार तर ३,००० पिंपे, आणि त्यावर एखादे विमान उडाल्याचा पुरावा नाही. नंतर आलेल्या अमेरिकी सैनिकांनी ते जीपमध्ये घालून पाहिले, तर इंजिने चिकटून बंद पडली.

खणणारे हे हात शेतातलेच होते. खताचा नत्र स्फोटकांकडे वळलेला, कोरिया आणि तैवानचा तांदूळ येणे थांबत आलेले, त्यात हवामानही फिरले. १९४५ चे भाताचे पीक नेहमीच्या दोन-तृतीयांशाच्याही खाली गेले. त्या हिवाळ्यात शहरांतली माणसे गच्च भरलेल्या गाड्यांतून खेडी गाठत आणि मूठभर तांदूळ, रताळी मिळावी म्हणून घरातले किमोनो शेतकऱ्यांपुढे ठेवत होती.