उन्हाच्या मुलखातील उणीव

वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या मुलखात, जिथे सूर्याच्या कृपेपेक्षा त्याच्या कोपाचीच तक्रार अधिक, तिथे माणसांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्वाची उणीव असावी, हे प्रथमदर्शनी कोणासही पटणार नाही. परंतु हे जीवनसत्त्व उन्हाच्या तापाने नव्हे, तर त्यातील अतिनील किरण उघड्या त्वचेवर पडल्याने निर्माण होते. आणि सूर्य माथ्यावर असता हे किरण जेव्हा मुबलक असतात, नेमका त्याच वेळी सराफ बाजारातील व्यापारी पेढीवर, कारकून कचेरीत आणि गृहिणी दार लोटून घरात असते. काचेच्या तावदानातून येणारे ऊन या कामी निरुपयोगी; आणि कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत कितीही रुचकर असले तरी त्यांतून हे जीवनसत्त्व मिळत नाही.

दुसरी व्याधी रात्रीची. उन्हाळ्यात गच्चीवर खाटा टाकून निजणाऱ्या घरांत कोणाचे घोरणे लपून राहत नाही. ते मध्येच थांबते, काही क्षण श्वासच ऐकू येत नाही, मग आचका देऊन तो परततो, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस 'किती गाढ झोप लागलीय' म्हणत कूस बदलतो. वस्तुतः त्या वेळी घशाचे स्नायू सैलावून श्वासाचा मार्ग बंद झालेला असतो. याच विकारास डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार आढळला होता.

या दोन व्याधींची गाठ पडते ती दाहाशी. अडथळ्यागणिक रक्तातील प्राणवायू उतरतो व पुन्हा चढतो. रात्रभराच्या या ओढाताणीने शरीरात दाह उत्पन्न करणारी द्रव्ये वाढतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा पोहोचते आणि रक्तदाब बळावतो. रोगप्रतिकारक पेशींवर 'ड' जीवनसत्त्वाचा अंमल चालतो व तो दाहास आवर घालतो. सबब त्याची उणीव असता आग अधिक भडकत असावी, असा तर्क आहे. अनेक अभ्यासांत स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांचे 'ड'चे प्रमाण कमी आढळलेही. पण लठ्ठपणात हे जीवनसत्त्व चरबीत अडकून पडते, आणि लठ्ठपणा हेच या श्वासरोधाचे एक प्रमुख कारण असल्याने, कारण कोणते व परिणाम कोणता याचा निवाडा अद्याप झालेला नाही.

म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते, की दुकानातून साठ हजार युनिटांची पुडी आणून मनानेच घेत राहणे हा घोरण्यावरचा इलाज नव्हे. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो. उणिवेसाठी रक्ततपासणी करून डॉक्टर ठरवतील ती मात्रा घ्यावी. श्वासरोधासाठी निद्रातपासणी करावी, वजन उतरवावे, आणि गरज पडल्यास सीपॅप यंत्र लावावे. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये सिडनीत प्रथम वर्णिलेल्या या उपायात नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा मंद दाब देऊन घसा रात्रभर उघडा ठेवला जातो.