काकांची पिकअप आणि चौथा गिअर

वर्गात मी मराठी शिकवतो. पण विद्यार्थिमित्रहो, आज थोडे इंजिनाविषयी.

१९९४ साली मी बारावीत होतो. वाईला काकांकडे महिंद्राची जुनी एफ.सी. १५० पिकअप होती. तोंड चपटे, ड्रायव्हरची बैठक थेट पुढच्या चाकांवर आणि इंजिन दोन बैठकांच्या मध्ये, झाकणाखाली. ते २१९९ सी.सी.चे हरिकेन पेट्रोल इंजिन. मागे तीन गिअरांची पेटी. पेट्रोल परवडेना, आणि पुण्याहून माल भरून परतताना खंबाटकी घाट चढवेना. गाडी भंगारात घालायची की इंजिन बदलायचे, यावर घरात महिनाभर खल चालला. काकांचे पोट त्या गाडीवर होते.

शेवटी मोडीत निघालेल्या एम.एम. ५४० जीपचे प्यूजो बनावटीचे २११२ सी.सी. डिझेल इंजिन मिळाले, चार गिअरांच्या पेटीसकट. डिझेल म्हणजे ताकद, असा आळीतल्या जाणत्यांचा समज. प्रत्यक्षात जुन्याची अश्वशक्ती सत्तरीच्या पुढे, नव्याची बासष्ट! फायदा होता तो इंधनाचा. पेट्रोल इंजिनात मिश्रण सुमारे सातपट दाबले जाते, या डिझेलमध्ये हवा वीसपटीहून अधिक. म्हणून तेवढ्याच इंधनातून काम जास्त निघते.

दुसरा समज चौथ्या गिअरचा. जुन्या पेटीत पहिल्या गिअरचे प्रमाण २.८, दुसऱ्याचे १.५५, तिसरा थेट. घाटात पहिला फार संथ, दुसरा पेलत नसे. मधे काहीच नाही. शिवाय पहिल्याला सिंक्रोमेश नसल्याने तो टाकायला गाडी जवळजवळ थांबवावी लागे. नव्या पेटीतला चौथाही थेटच. म्हणजे सपाटीवरचा वेग त्याने वाढला नाही. मधली दरी तेवढी भरली. वेगच हवा असता तर धुऱ्यातले ५.३८ चे क्राउन-पिनियन बदलावे लागले असते. मालाच्या गाडीला आहे तेच बरे, असे मिस्त्री म्हणाले.

नव्या इंजिनावर झाकण बसेना. माउंटिंग नव्याने वेल्ड केली, प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवली, रेडिएटर सरकवला. आर.टी.ओ.ची परवानगी हा वेगळाच घाट. तो इथे चढत नाही.

पहिल्याच खेपेला खंबाटकी न थांबता पार झाला. मात्र गाडी चालवताना अभंग म्हणायची काकांची सवय सुटली. मांडीशेजारच्या त्या खडखडाटात स्वतःचाच आवाज ऐकू येईना. जुने हरिकेन त्यांनी विकले नाही. गोठ्यात पोते पांघरून ठेवले. दर दिवाळीला तेल घालून हँडलने ते चार फेरे फिरवीत.