ॲपमध्ये कॅलरी बरोबर, तरी वजन अडकलंय? जेवण कमी करण्याआधी फोनमधला हिशोब तपासा

८६ किलोवरून ८० वर यायला मला पाच महिने लागले आणि मग वजनकाटा हलायचंच नाव घेईना. चांगले पाच आठवडे! ॲपमध्ये रोज १७०० कॅलरींची नोंद, एकही दिवस चुकला नव्हता. शेवटी वैतागून मी टार्गेट १२०० केलं. दहाव्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून खाली बसलो. त्याच संध्याकाळी ॲपने सलग १० दिवस टार्गेट पाळल्याबद्दल बॅज दिला.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ॲपला मी दिसतच नाही, त्याला फक्त मी भरलेले आकडे दिसतात. मग ताट आणखी रिकामं करण्याऐवजी मी आकडेच तपासले. काय सापडलं, ते एकेक करून पाहूया.

१. वजन खरंच अडकलंय का?

एका दिवसाच्या वजनावर विश्वास ठेवू नका. आदल्या रात्री पापड-लोणचं किंवा पावभाजी झाली, की मिठामुळे शरीरात पाणी थांबतं. शरीर कार्बोहायड्रेट ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मुलींच्या बाबतीत पाळीच्या आसपासही वजन वाढलेलं दिसतं. यातली कुठलीच गोष्ट चरबी नाही.

उपाय सोपा आहे. रोज सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा. ते शीटमध्ये लिहा आणि दर रविवारी सात दिवसांची सरासरी काढा. सलग तीन-चार आठवडे सरासरी तीच राहिली, तर वजन अडकलंय म्हणा. स्मार्ट वजनकाट्यावरचा चरबीचा टक्का बघून घाबरू नका. तो पायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतो, आणि शरीरातलं पाणी कमी-जास्त झालं की अंदाजही बदलतो.

२. ॲपमध्ये जुनंच वजन आहे का?

बरीच ॲप्स मिफलिन-सेंट जिओर हे सूत्र वापरतात. पुरुषांसाठी ते असं: (१० × किलोमधलं वजन) + (६.२५ × सेंटिमीटरमधली उंची) − (५ × वय) + ५. स्त्रियांसाठी शेवटच्या +५ ऐवजी −१६१. बैठं काम असेल तर उत्तराला १.२ ने गुणायचं.

माझी उंची १७२ सेंमी, वय २६. ८६ किलोला रोजचा खर्च येतो सुमारे २१७० कॅलरी आणि ८० किलोला २१००. म्हणजे वजन घटल्यामुळे सूत्रातून फक्त ७० कॅलरी गेल्या. कागदावर १७०० खाऊन अजूनही ४०० ची तूट दिसत होती. मग ती जात कुठे होती?

३. पोळी आणि तेल

ॲपमध्ये मी एका पोळीला १०० कॅलरी धरत होतो. एक दिवस आईला म्हटलं, कणीक मळण्याआधी पीठ मोजूया. ६४० ग्रॅम पीठ, १६ पोळ्या. म्हणजे एका पोळीत ४० ग्रॅम पीठ, सुमारे १३५ कॅलरी. वर अर्धा छोटा चमचा तेल, त्याच्या २०. झाल्या १५५! दिवसाला चार पोळ्या म्हणजे २२० कॅलरी ॲपच्या हिशोबाबाहेर.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १२०० पेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, असं सांगणाऱ्या काही जणांचा अमेरिकेत अभ्यास झाला. १९९२ मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. खऱ्या खाण्यापेक्षा त्यांनी सांगितलेला आकडा सरासरी ४७ टक्के कमी होता.

४. घड्याळाने दिलेलं बक्षीस

चौथ्या महिन्यात मी स्मार्टवॉच घेतलं आणि ॲपला जोडलं. संध्याकाळी चालून आलो की ॲप दिवसाच्या कोट्यात साधारण १८० कॅलरी परत जमा करायचं, आणि मी त्या खायचो. पण ते चालणं घड्याळ घेण्याआधीही होतंच! तेव्हा त्याचा फायदा तुटीत जात होता, आता तो ताटात येत होता.

शिवाय घड्याळाचा आकडा हा अंदाजच असतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं.

आता बेरीज करा. पोळ्यांचे २२० आणि घड्याळाचे १८०, झाले बरोबर ४००. तूट संपली! पोळीची चूक पहिल्या दिवसापासून होती, पण तेव्हा वजन आणि हालचाल दोन्ही जास्त असल्यामुळे ती लपून गेली. हो, हालचालही घटली होती. फोनमध्ये जुनी पावलं पाहिली, तर पहिल्या महिन्यात रोज सरासरी ८,००० आणि आता ५,५००. कमी खाल्लं की शरीर नकळत हालचाल कमी करतं. आपण लिफ्ट घेतो, बसून राहतो.

५. मी काय बदललं?

- ॲपमध्ये आताचं वजन भरलं आणि टार्गेट पुन्हा १७०० केलं.
- व्यायामाच्या कॅलरी कोट्यात जमा करण्याचं सेटिंग बंद केलं.
- घरची पोळी १५५ कॅलरींची म्हणून सेव्ह केली. तेल आता बाटलीतून थेट न ओतता चमच्याने घेतो.
- पावलं पुन्हा ८,००० वर नेली.
- प्रत्येक जेवणात डाळ, अंडी, पनीर किंवा सोयाबीन ठेवलं आणि आठवड्यातून तीन दिवस वजन उचलायला लागलो, म्हणजे चरबीसोबत स्नायू जास्त घटत नाहीत.

सहा आठवड्यांत साप्ताहिक सरासरी ८०.२ वरून ७८.४ वर आली. १२०० वर उपाशी न राहता.

थांबायचं कधी?

हिशोब बरोबर असूनही सतत थकवा, चक्कर, झोप उडणं, केस गळणं किंवा पाळी चुकणं सुरू झालं, तर कॅलरी आणखी कमी करू नका, डॉक्टरांना भेटा. वय १८ च्या आत असेल, मधुमेहाची औषधं सुरू असतील, गरोदर असाल किंवा जेवणाबद्दल सतत अपराधी वाटत असेल, तर ॲपच्या भरवशावर डाएट सुरूच करू नका. आणि खूप महिने कमी खाऊन दमला असाल, तर दोन आठवडे वजन टिकेल इतकं पोटभर खा. त्याने कमावलेलं काही वाया जात नाही.

आज रात्री एवढंच करा: ॲपची सेटिंग्ज उघडा आणि घड्याळाच्या कॅलरी कुठे जमा होतायत ते बघा. ताटातली पोळी कमी करायची की नाही, ते नंतर ठरवू.