आधी गुडघ्याची चौकशी, मग फीची

मैत्रिणींनो, तालुक्याच्या गावांतही आता जिम निघाल्या आहेत आणि दुपारी बायकांची वेगळी बॅच असते. तिथे शिकवणाऱ्या मुली बचत गटाच्या निमित्ताने मला भेटतात. पगार बेताचा. खरी मिळकत ‘पर्सनल ट्रेनिंग’ची, म्हणजे एकेकीला वेगळा वेळ देऊन शिकवण्याची. पण शिकणाऱ्या मिळत नाहीत म्हणून यातल्या एकीने गेल्या वर्षी कामच सोडलं. तुमच्या घरात अशी लेक-सून असेल तर तिला हे वाचायला द्या.

अगं, गिऱ्हाईक समोरच असतं! फी भरून बावरल्यासारखी ट्रेडमिलवर चालणारी, बाकीच्या मशीनकडे नुसती बघणारी बाई, तीच तुझी. नाव विचार, दुसऱ्या दिवशी नावाने हाक मार. पाठ वाकवून वजन उचलत असेल तर नीट करून दाखव; तेव्हा पैशांचं बोलूच नकोस. मग सवडीने विचार, गुडघे कसे आहेत, बीपी आहे का, एखादं ऑपरेशन झालंय का. दुखणं मोठं असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठव. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, तिचा गुडघा जाता कामा नये.

‘महिन्यात दहा किलो कमी’ असली पाटी लावू नकोस. आपल्या बायकांना जिना चढताना धाप लागायला नको असते, पंगतीत मांडी घालून बसायचं असतं, नातवाला कडेवर घ्यायचं असतं. तेच मोजून दाखव. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं, ते पहिल्या दिवशी वहीत लिही. महिन्याने पुन्हा मोज. आकडा वाढला की ती स्वतःच भिशीत सांगेल. त्याहून मोठी जाहिरात कोणती?

एकटीला फी जड जात असेल तर दोघी-तिघींना एकत्र शिकव. दुसऱ्या ट्रेनरकडची बाई मात्र ओढू नकोस. गाव लहान असतं.

आणि आपण? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलंय, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा हा दुसरा भाग तर हवाच. तो नीट शिकवणारी मुलगी गावातच असेल, तर साडीच्या दुकानात करतो तशी घासाघीस तिच्या फीवर करू नये.